मदत हवी आहे: भाऊ रिब्रीदर घेतोय, कंपनीच्या सेफ्टीच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातनं लिहितोय. माझा आतेभाऊ तारकर्लीला स्कुबा शिकला, पुढचे कोर्स अंदमानात केले आणि आता त्याला रिब्रीदर घ्यायचाय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला असतो, त्यामुळं आत्याचा सारखा फोन, "बघ की रे जरा ते कागद, तुला कळतंय त्यातलं." कागद बघितले आणि काळजी वाढलीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साध्या स्कुबात सोडलेला श्वास बुडबुड्यांतनं निघून जातो, यात तोच श्वास परत फिरतो, सोडा लाइमच्या डब्यात कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि शरीरानं वापरला तेवढा ऑक्सिजन मशीन भरून देतं. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस काही न जाणवता बेशुद्ध होऊ शकतो आणि जास्त झाला (श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १.६ बारच्या पुढं गेला की धोका वाढत जातो) तर झटके येतात, पाण्याखाली झटका आला आणि तोंडातलं सुटलं की बुडालाच.

विक्रेता म्हणतो ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर आहेत म्हणजे फेल होऊच शकत नाही, डबा तीन तास चालतो, आणि सीई मार्क (युरोपातल्या नियमांत बसतो याची खूण) आहे.

सेन्सरचं मी जे वाचलं ते असं. कंट्रोलर तिघांची तुलना करतो, दोघांचं जुळलं की तिसऱ्याला बाजूला टाकतो. आता समजा सेटिंग १.३ बारचं आहे आणि एकाच बॅचचे, एकाच वयाचे दोन सेन्सर जुने होऊन १.२ च्या वर दाखवूच शकत नाहीत. कंट्रोलरला वाटणार ऑक्सिजन कमी आहे, तो सोडतच राहणार, खरा आकडा १.६ च्या पुढं गेला तरी, आणि जो तिसरा सेन्सर बरोबर सांगतोय त्यालाच चुकीचा ठरवून बाहेर काढणार. मग तीन असून उपयोग काय?

डब्याचं पण तसंच. युरोपचं स्टँडर्ड ईएन १४१४३, त्यात डब्याची टेस्ट ४० मीटर खोली, ४ अंश पाणी आणि मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड अशी घेतात, माणसावर नाही, श्वास घेणाऱ्या मशीनवर. आपल्याकडचं पाणी गरम, ते एक बरं, पण करंटच्या उलट जोरात पाय मारायला लागले तर माणूस याच्या जवळपास दुप्पट सोडू शकतो. ब्रोशरमधले "तीन तास" कशावर मोजलेत ते कुठंच लिहिलेलं नाही. आमच्याकडं कास्टिंगबरोबर सर्टिफिकेट जातं त्यावर हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतला माल ते सांगणारा) असतो, ग्राहक तो पीसवरच्या नंबरशी जुळवतो, नाही जुळला तर माल परत. इथं तर जिवाचा प्रश्न आहे आणि टेस्टच्या अटीच गायब, हे मला अजिबात पटत नाही.

तर रिपोर्ट मागितला तर कंपन्या देतात का? आणि "आमच्या मॉडेलवर एकही अपघात नाही" असं तो फोनवर म्हणाला, ते तपासायचं कसं?

प्रतिसाद:
दादा, मी रिब्रीदर वापरतो. चांगल्या कंपन्या डब्याच्या टेस्टची खोली, तापमान आणि गॅसचा आकडा मॅन्युअलमध्येच छापतात, नसेल तर मेलवर लेखी मागा, तोंडी काही धरू नका. सीईशेजारी चार आकडी नंबर बघा, तो बाहेरच्या तपासणी संस्थेचा असतो, रिब्रीदरला तो लागतोच. पण ती तपासणी नमुन्याच्या मशीनची, तुमच्या मशीनमधल्या जुन्या सेन्सरची नाही. अपघाताचं म्हणाल तर किती मशीन विकली आणि किती तास पाण्यात होती हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. १९९८ ते २०१० मधल्या १८१ मृत्यूंवर अँड्र्यू फॉक यांचा पेपर २०१३ ला आला, त्यात धोका साध्या स्कुबाच्या साधारण दहापट असा अंदाज आहे, आणि ऑक्सिजन हातानं सांभाळायची मेकॅनिकल आणि आपोआप सोडणारी इलेक्ट्रॉनिक मशीन यांत फरक दिसला नाही.

सेन्सर वर्षभरात बदलायचे, तिन्ही एका बॅचचे नकोत. हवेत १० मिलीव्होल्ट दाखवणारा शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४८ च्या आसपास दाखवायला पाहिजे. आणि घरी सेन्सर कॅलिब्रेट करू नका (म्हणजे माहीत असलेल्या दाबावर त्यांचा आकडा जुळवू नका), कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, शुद्ध ऑक्सिजन भरला तरी दाब ०.९५ बारच्या आसपासच, तो १ धरला की पुढचे सगळे आकडे चुकले. उतरण्याआधी पाच मिनिटं श्वास घेऊन बघतात त्यावरही विसंबू नका, डब्यात अर्धवट बिघाड असेल तर बहुतेकांना कळत नाही असं प्रयोगात दिसलंय. बेलआउट सिलिंडर (मशीन बिघडलं तर श्वासाला वेगळा सिलिंडर) कायम बरोबर.

धागाकर्ता:
खूप आभार. पाच मिनिटांच्या त्या टेस्टवर तो अगदी निर्धास्त होता, आजच सांगतो. विक्रेत्याला मेल टाकलाय, लेखी उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा नाही असं आत्यालाही सांगितलंय. आणखी एक, बेशुद्ध झाला तरी माऊथपीस तोंडात राहावा म्हणून डोक्याला पट्टा बांधतात तो कुणी वापरतं का, आणि या मॉडेलबरोबर तो येत नसेल तर वेगळा घेऊन चालतो का?