नोएडा दुहेरी खून प्रकरणावरील ऑडिओबुक ऐकले: पहिल्या दिवशी गेलेला पुरावा पुढे भरून निघतो का?

रावेरकर
शेतीपंपाची वीज रात्रीची असल्याने केळीला पाणी भरताना काहीतरी ऐकत राहण्याची मला सवय आहे. याच आठवड्यात २००८ च्या नोएडा दुहेरी खून प्रकरणावरील ऑडिओबुक ऐकून संपवले आणि मन फार अस्वस्थ झाले. चौदावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आलेली आरुषी तलवार १६ मे रोजी सकाळी आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळली, घरकाम करणारा हेमराज बेपत्ता म्हणून पोलिसांनी त्याच्यावरच संशय घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. गच्चीचे कुलूप पहिल्या दिवशी कोणी तोडलेच नव्हते. घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार अशी सर्वांची ये-जा चालू होती. एवढा पुरावा पहिल्याच दिवशी हातचा गेल्यावर मोठी तपास यंत्रणा येऊन तरी काही साधते का? शिवाय निवेदनाचा कल आई-वडिलांच्या बाजूने असल्याचे मला जाणवले, तेव्हा त्यावर कितपत विसंबावे?

अमळनेरचे वकील
रावेरकर दादा, नाही साधत. १ जून २००८ रोजी तपास सीबीआयकडे गेला, तोवर घटनास्थळ पार विस्कटले होते. सीबीआयच्या पहिल्या पथकाचा संशय घरकामगारांवर होता, तर दुसऱ्या पथकाचा आई-वडिलांवर. डिसेंबर २०१० मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगून प्रकरण बंद करण्याचा अहवाल देण्यात आला. गाझियाबादच्या न्यायालयाने तो न स्वीकारता त्याच सामग्रीवर आई-वडिलांना आरोपी म्हणून बोलावले. नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही न तुटता आरोपीपर्यंत पोहोचली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या शरद सारडा खटल्यात घालून दिलेले निकष आजही लागू आहेत. इथे ती साखळी पहिल्याच दिवशी तुटली होती.

मला स्वतःला सर्वाधिक खटकते ते उशीच्या अभ्र्याचे प्रकरण. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या अहवालानुसार हेमराजचा डीएनए एका संशयित कामगाराच्या खोलीतून जप्त केलेल्या अभ्र्यावर मिळाला होता. सीबीआयने मात्र ही टंकलेखनातील चूक असून दोन वस्तूंच्या वर्णनांची अदलाबदल झाल्याचे सांगितले. कोणाचे खरे, याच्या वादात मी पडत नाही. परंतु खुनाच्या खटल्याचे भवितव्य पाकिटावरच्या लेबलवर अडकावे, ही केवढी गंभीर गोष्ट आहे! आपल्याकडचे नमुने नाशिकच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. सील कोणासमोर केले, मधले दिवस मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा सील शाबूत होते का, हे प्रश्न उलटतपासणीत आम्ही विचारतो, ते उगाच नव्हे.

सेवानिवृत्त, यावल
सरकारी नोकरीत असताना पंच म्हणून मला अनेकदा बोलावणे आले. एका ठिकाणी आम्ही पोहोचेपर्यंत ओसरी धुऊन झाली होती. घरच्यांना ते अमंगळ नजरेसमोर नको होते आणि त्यांना अडवणारेही कोणी नव्हते. पंचनाम्यात मात्र ‘जागा ओली दिसते’ एवढेच लिहिले गेले. ‘धुतलेली आहे’ असे लिहा, असा आग्रह मी धरला, तेव्हा कुठे ते वाक्य बदलले. पंचाने वाचल्याशिवाय सही करू नये, असे मी प्रत्येक तरुण कर्मचाऱ्याला सांगत आलो आहे.

भुसावळची वाचक
रावेरकर भाऊ, निवेदकाच्या आवाजाला भुलू नये, असे मला वाटते. छापील पुस्तकात आपण थांबतो, मागचे पान उलटून पाहतो. ऐकताना मात्र शंकासुद्धा खात्रीच्या सुरात कानावर पडते. नार्को चाचणीतील, म्हणजे गुंगीचे औषध देऊन केलेल्या चौकशीतील बोलणे तर कबुलीजबाबासारखेच वाटते, पण संमतीशिवाय अशी चाचणी करणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्येच दिला आहे. म्हणून उच्च न्यायालयाचे निकालपत्र सोबत वाचावे. आणि या सगळ्या चर्चेत हेमराज मागे पडतो, याचे मला फार वाईट वाटते. पोटासाठी नेपाळहून आलेला माणूस गच्चीवर मरून पडलेला असताना जगाने त्याला फरार खुनी ठरवले, आणि त्याच्या घरच्यांना आजतागायत उत्तर मिळालेले नाही.

रावेरकर
सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, नव्या कायद्याने यात काही फरक पडेल का?

अमळनेरचे वकील
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. मात्र राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचे कलम १०५ वेगळे आहे. तरीही तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत वेळ जाणारच, आणि तेवढ्या वेळात उंबऱ्याच्या आत कोणालाही जाऊ न देण्याचे काम सर्वांत आधी पोहोचलेल्या पोलीस अंमलदारालाच करावे लागणार आहे.