मदत हवी आहे : माग्रितच्या ‘पाइप’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. बेल्जियन चित्रकार रने माग्रित यांच्या १९२९ मधील ‘प्रतिमांचा विश्वासघात’ या चित्रावर मी लेख लिहीत आहे. तंबाखू ओढण्याच्या पाइपाचे हुबेहूब चित्र आणि त्याखाली वळणदार अक्षरांत ‘हा पाइप नव्हे’ या अर्थाचे फ्रेंच वाक्य, एवढेच त्यात आहे. पण चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे इतक्या ठामपणे क्वचितच कुणी दाखवले असेल. माझी अडचण अशी, की ‘पाइप’ म्हटले की मराठी वाचकाला आधी पाण्याची नळी आठवते आणि ‘चिलीम’ म्हटले तर वस्तूच बदलते. कृपया योग्य शब्द सुचवावा. तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी १९७३ मध्ये याच वाक्याच्या शीर्षकाने पुस्तक प्रसिद्ध केले; त्याविषयी मराठीत कुणी लिहिले असल्यास तेही कळवावे.