मयत झालेल्या घरावर नाताळाचा तारा लावायचा की नाही?

मर्सी, मरोळ

गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट फिरते आहे. माझ्याकडे चौघांनी पाठवली, त्यात माझी सख्खी नणंदही आहे. म्हणणं असं की वर्षभरात मयत झालेली ख्रिस्ती घरं नाताळाला तारा लावत नाहीत, येशूजन्माचा गोठा करत नाहीत, फराळाला हात लावत नाहीत. हे सगळं शेजाऱ्यांच्या सुतकावरून उचललेलं आहे आणि ख्रिस्तानं मरण जिंकल्यावर विश्वासणाऱ्यानं रडायचं कशाला? शेवटी ठळक अक्षरांत, "ज्या घराचा तारा विझला, त्या घराचा विश्वास विझला." खाली आमेन, आमेन, आमेन.

मी सोडून देणार होते. पण काल माझ्या जावेनं ती वाचली आणि विचारलं, "आपण लावू या का गं तारा? लोक काय म्हणतील?" म्हणून लिहिते आहे.

जावेचा मुलगा जूनमध्ये गेला. नऊ वर्षांचा, ब्लड कॅन्सर. गोठ्यातलं गवत दरवर्षी तोच करायचा. आइस्क्रीमच्या डब्यात ओला कापूस, त्यावर नाचणी पसरायची, आणि शाळेच्या पट्टीनं रोज उंची मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. गेल्या डिसेंबरचं ते पान तिनं काढलेलं नाही. या बाईच्या विश्वासाचा निकाल तुम्ही दारावरचा दिवा बघून लावणार?

मुलगा ॲडमिट असताना एक प्रार्थनेचा ग्रुप आला होता. गाणी म्हटली, डोक्यावर हात ठेवले, बरं वाटलं. निघताना त्यांतल्या एकीनं जावेला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "घरात कुणाचं कबूल न केलेलं पाप आहे का, बघा." जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? योहानाचा नववा अध्याय काढा. याचंही नाही, आईबापांचंही नाही, असं उत्तर आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही तो म्हणाला की ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. इतकं स्वच्छ सांगूनही आपल्या लोकांची चौकशी चालूच.

आणि नाताळ म्हणजे नुसता आनंद, हे कुणी सांगितलं? मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ताऱ्यामागून आलेल्या मागी लोकांची पाठ फिरते न फिरते तोच हेरोद राजाची माणसं येतात. बेथलेहेमातले दोन वर्षांच्या आतले मुलगे मारले जातात. राहेल, म्हणजे लेकरं गमावलेली आई, रडते आहे आणि तिला कुणी समजूत घातलेली नको आहे. चर्चनं त्या बाळांचा सण 28 डिसेंबरला ठेवला आहे, नाताळाच्या आठवड्यातच. त्या दिवशी आपण 31 तारखेच्या केकची ऑर्डर देत असतो.

राहिला फराळ. मयतीचं घर करत नाही म्हणून तर आजूबाजूची घरं ताटं घेऊन येतात, कलकल, करंज्या, मिल्क क्रीम. येतात आणि बसतात. सुतक म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, मला ही रीत हवी आहे.

सॅम्युएल आर.

सलाम ताई. ती पोस्ट माझी. तुमच्या पुतण्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून.

पण मी हवेतून लिहिलेलं नाही. माझे वडील 23 डिसेंबरला गेले. 24 ला दफन, आणि त्याच संध्याकाळी आईनं स्वतः स्टुलावर चढून तारा लावला. नातेवाईक नाकं मुरडत होते. आई म्हणाली, आज नाही लावला तर मग कधीच लावायचा नाही. त्या बाईचा विश्वास मी पाहिला आहे, म्हणून लिहिलं. प्रेषित पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहितो, ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका. फिलिप्पैकरांस लिहितो, सर्वदा आनंद करा, आणि हे तुरुंगात बसून. मयताच्या महिन्याची मिस्सा (चर्चमधली उपासना), वर्षाची मिस्सा, तारा नको, गोड नको, हे त्यात कुठे आहे ते दाखवा. रीत आणि शास्त्र यांत फरक आहे की नाही?

गिरगावकर (बाप्तिस्मा झालेला, पुढचं काही नाही)

मर्सीताई, तुम्ही स्वतःच दार उघडलंत म्हणून आत येतो.

बेथलेहेमची गोष्ट तुमच्या बाजूची नाहीच. देवदूत स्वप्नात येऊन योसेफाला सांगतो, ऊठ, बाळाला घेऊन मिसरात पळ. फक्त योसेफाला. त्याच गल्लीतल्या बाकीच्या बापांच्या स्वप्नात जायला काय हरकत होती? एका मुलाला वाचवायला शेजारची सगळी मुलं गेली आणि आपण त्या रात्रीवर गाणी म्हणतो. मी चौदाव्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे विचारलं, तर मला बाहेर व्हरांड्यात उभं केलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि विश्वासानं काय होतं ते मुंबईनं बघितलेलं आहे. 1896 च्या प्लेगात वांद्र्यापासून आमच्या खोताच्या वाडीपर्यंत लोकांनी क्रूस उभारले. प्लेग हटला का? भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिननं लस केली, जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. तोही ज्यू, म्हणजे तुमच्या येशूचा जातभाई. तेवढं श्रेय हवं तर घ्या.

डॉमनिक, उत्तन

तारा लावा नाहीतर लावू नका. मला एक सांगा, नाताळाची मराठी मिस्सा पहाटे साडेपाचला कशासाठी?

24 च्या रात्रीची मोठी मिस्सा इंग्रजीत. तीही आता लाऊडस्पीकरच्या नियमामुळे बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीच उरकतात. 25 ला सकाळी आठ इंग्रजी, साडेनऊ इंग्रजी, मुलांची इंग्रजी. माझी बहीण जिथं दिली आहे त्या धर्मग्रामात मराठी पहाटेला, कॉयरला पेटी मिळत नाही, पंखेसुद्धा निम्मे बंद. फादर स्टीफन्स इंग्लंडातून येऊन 1616 साली मराठीत ओव्या छापून गेले. आणि आम्ही इथले, सात पिढ्या मासळी मारणारे, शेती करणारे, आम्हाला आमच्या भाषेत देवाला भेटायचं तर कोंबडा आरवायच्या आत. दुःखाचं म्हणाल तर आई गेली तेव्हा तिची वर्षाची मिस्सासुद्धा मराठीत मिळायला मला तीनदा ऑफिसात जावं लागलं. तिला इंग्रजीत 'आमेन' सोडून एक शब्द येत नव्हता.

लविना, ओर्लेम

डॉमनिक भाऊ, विषय काय, तुम्ही बोलताय काय? आणि मातृभाषेचं दुःख तुम्हालाच आहे का? माझी कोकणी. मंगळुरूहून आई-पप्पा आले तेव्हापासून आम्ही इंग्रजी मिस्सेलाच जातो, कुणाकडे रडलो नाही. एका चर्चमध्ये गोवेकर, मंगळुरी, तमिळ, मल्याळी, आणि तुम्ही इथले मूळचे ईस्ट इंडियन. सगळ्यांना कळेल असं काहीतरी ठेवायला नको? मराठी मिस्सेला माणसं किती असतात तेही लिहा.

डॉमनिक, उत्तन

पहाटे साडेपाचला ठेवल्यावर किती असणार? आधी वेळ अशी द्यायची की कुणी येऊ नये, मग म्हणायचं बघा, कुणी येत नाही.

आणि इतरांसारखे 'आम्हीपण' म्हणू नका. तुम्ही आलात, चांगलं झालं, या. पण जमीन आमची, देवळाला दान दिलेली शेतं आमच्या पणजोबांची. आमच्या पुढाऱ्यांनी 1887 साली राणीच्या ज्युबिलीच्या मुहूर्तावर 'ईस्ट इंडियन' नाव घेतलं, सरकारी नोकऱ्यांत गोवेकरांच्या पुढे राहायला. तिथून जे साहेबाचं वेड लागलं ते उतरलेलं नाही.

लविना, ओर्लेम

तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत भाऊ?

डॉमनिक, उत्तन

माझ्या मुलांचा इथं संबंध नाही.

गिरगावकर

इंग्रजी माध्यम. लिहून घ्या.

डॉमनिक, उत्तन

तू मिस्सेलाच जात नाहीस, तुला कुठल्या भाषेतली नकोय ते ठरव आधी.

शलमोन, मूळ नगर, आता भायखळा

सलाम सर्वांना. आम्हा प्रोटेस्टंटांकडे उपासना पहिल्यापासून मराठीत, पेटी, तबला, टाळ, सगळं आहे. डॉमनिकभाऊ, या एकदा. कॅथलिक लोकांनी भाषेसाठी भांडावं आणि आम्ही शंभरावर वर्षं ना. वा. टिळकांची भजनं म्हणत बसावं, गंमत आहे.

मूळ मुद्द्यावर. सॅम्युएल, तू आणि मी एकाच परंपरेतले, म्हणून जरा कडक बोलतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात उपासमारीनं खंगून गेले. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ज्या मुलीच्या हाती ते सोपवायचं होतं ती मनोरमा 1921 मध्ये गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या, तोवर मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर चालूच होतं. मनोरमा गेली त्या वर्षी केडगावच्या दारावर तारा होता की नव्हता, मला ठाऊक नाही. तुझ्या वाक्याप्रमाणे बाईंचा विश्वास ठरवायला आधी ते शोधून काढावं लागेल. हा हिशेब तुला पटतो?

आणि एक. फिलिप्पैकरांचं पत्र तू अर्धंच वाचलंस. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, त्याबद्दल पौल लिहितो की देवानं दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. हे त्याच पत्रात, त्याच तुरुंगातून.

सॅम्युएल आर.

शलमोनभाऊ, रमाबाईंना मध्ये आणून कुणालाही गप्प करता येतं.

मी रडू नका असं म्हटलेलं नाही. रीत पाळू नका म्हटलं. लागोपाठ तीन मयती झालेली घरं मला माहीत आहेत, तिथली मुलं तीन-तीन नाताळ अंधारात बसली. आजीचं वर्ष संपलं की काका, काकांचं संपलं की आणखी कुणी. त्या मुलांचा विचार कोण करणार?

मर्सी, मरोळ

हा मुद्दा बरोबर आहे. पोस्टमध्ये हा लिहायचा होता, विश्वास विझल्याचा नाही.

गिरगावकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते सांगतात त्यांची मला भीती वाटते. एवढंच म्हणते की बेथलेहेमातून जो सुटला तोही सुटला नाही. त्यालाही शिपायांनीच नेलं, आणि मरताना त्यानं तुमचाच प्रश्न विचारला, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? वरून आवाज आला नाही. तुम्हाला व्हरांड्यात उभं केलं त्यांनी तो प्रसंग वाचलेला नसावा.

सॅम्युएलभाऊ, 'आशा नाही अशांसारखा'. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला. पाच मिनिटांनी त्याला उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. त्याहून जास्त आशा माझ्या जावेनं कुठून आणायची?

गिरगावकर

'तोही सुटला नाही' हे वाक्य चांगलं आहे, उत्तर नाही. बाकीच्या आयांना तीस वर्षांनी कुणीतरी आपल्यासारखाच मेला याचा काय उपयोग? पण निदान तुम्ही पाप शोधत नाही आहात. या धाग्यावर तेवढंही पुष्कळ.

बर्था, वांद्रे

हाफकिनवाल्या भावाला सांगा, आमच्या गल्लीतला क्रूस प्लेगचाच आहे. माझी आजी म्हणायची, माणसं गावठाण सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली, घरात मेलेलं माणूस न्यायला चार खांदे मिळत नव्हते. परत आलेल्यांनी क्रूस उभारला. मे महिन्यात आम्ही तिथं अजून रोझरी म्हणतो, शेवटी चणे वाटतो. लसही घेतली लोकांनी, क्रूसही ठेवला. तुम्हाला एकच काहीतरी का हवं असतं?

मर्सीबाय, जावेला सांग, आमच्यात भाऊ गेला त्या वर्षी आईनं तारा लावला नाही पण गोठा केला. लोकांनी दोन्हीवरून बोलायचं ते बोलून घेतलंच.

सॅम्युएल आर.

शेवटचं वाक्य काढतो पोस्टमधून. बाकी सगळं तसंच राहील. शास्त्रात सुतक नाही यावर मी ठाम आहे.

मर्सी, मरोळ

मोठी मेहरबानी. ज्या सगळ्यांनी पुढे पाठवली त्यांच्याकडचं वाक्य कोण काढणार?

लविना, ओर्लेम

मर्सी, 28 तारखेला आमच्या पॅरिशमध्ये संध्याकाळची मिस्सा गेलेल्या मुलांसाठी ठेवायची असं मी फादरना विचारते. मोठा भाऊ माझाही होता, मी जन्मायच्या आधीचा, मम्मी त्याच्याबद्दल कधीच बोलली नाही. तुझी जाऊ येणार असेल तर सांग. इंग्रजीत असेल, आधीच सांगते.

डॉमनिक, उत्तन

वाटलंच मला.

एक वाचन तरी मराठीत ठेवा. तेच, राहेलचं. वाचायला कुणी नसेल तर मी भाईंदरपर्यंत बसनं आणि पुढे ट्रेननं येतो. आणि साडेपाचच्या मिस्सेबद्दलचं पत्र मी टाइप करून ठेवलं आहे, सह्या कोण कोण देतंय ते इथंच सांगा. गिरगावकर सोडून.