व्हीलचेअर घेऊन सांगलीहून समुद्र: रस्ता कुठला, वाळूत काय करायचं?

वारणाकाठ (शिराळा): वडील ६८ वर्षांचे, उजवी बाजू लुळी, आधाराने दोन मिनिटं उभे राहतात. घडीची साधी व्हीलचेअर आहे. दोन रात्रींत समुद्र आणि वाटेत थोडं जंगल दाखवायचंय. आंबा घाट की कुंभार्ली? वाळूत खुर्ची चालते का?

घाटवळण: आंबा घाट. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा किनारी रस्ता धरा, समुद्र गाडीतूनच दिसतो. कुंभार्ली कराड-पाटणकरांच्या सोयीचा. चांदोलीच्या सफारीचा हट्ट नको. जीपची पायरी उंच आणि खडबडीत रस्त्यावर लुळी बाजू सावरत नाही. आंबा घाटातली दाट झाडी रस्त्यावरूनही बघता येते.

गाडी भाड्याची असेल तर डिकीत सीएनजीची टाकी नाही ना, ते आधी विचारा. टाकी असली की खुर्ची टपावर बांधावी लागते.

पाटणकर_फिजिओ: पुढची डावी सीट द्या, म्हणजे उतरताना चांगला पाय आधी जमिनीला लागतो. सीट पूर्ण मागे सरकवा. बसवताना लोक पाय आधी आत घालतात आणि तिथेच तोल जातो. पाठ सीटकडे, आधी बूड टेकवायचं, मग पाय आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली की अंग सहज वळतं. गाडी सुटण्याआधी ती काढा, नाहीतर ब्रेकला घसरतील. दर दीड तासाने थांबून बूड उचलून घ्या.

हवेची गादी वापरत असाल तर घाट उतरल्यावर तपासा. सांगली साडेपाचशे मीटरवर, किनाऱ्यावर हवेचा दाब जास्त, त्यामुळे गादी मऊ पडते. बसल्यावर हाडाखाली किमान अर्धा इंच हवा हवी.

खाडीवरचा: कोरड्या वाळूत खुर्ची चालत नाही. पुढची बारकी चाकं रुततात, ढकलाल तेवढी खोल. खुर्ची मागे कलवून, उलटी ओढायची. काथ्याच्या दहा-दहा फुटी दोन चटया आळीपाळीने पुढे टाका. ओली वाळू मात्र टणक असते, म्हणून ओहोटी साधा.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहाला भरती, ओहोटी ऐन दुपारी बाराला. ती वेळ कामाची नाही. त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या धरा, ओहोटी चार ते साडेपाचच्या सुमारास येते. पण याच दिवसांत ओहोटीला पाणी समुद्रात जास्त आत जातं आणि परतही झपाट्याने चढतं. लाटेपासून पंधरा फूट वरच थांबा. लाट चाकाखालची वाळू ओढून नेते.

परतल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, घडीच्या सांध्याला तेल. चेन्नईच्या मरीनावर २०२२ मध्ये अपंगांसाठी लाकडी वाट बांधली, तिलाही दोन आठवड्यांत वादळाने मोडलं होतं. आपल्याकडे चटयाच बऱ्या.

वारणाकाठ: धन्यवाद. चतुर्दशी शनिवारी येतेय, तेच धरतो. मुक्कामवाले म्हणतात, बाथरूमचा दरवाजा मोठा आहे.

घाटवळण: मोठा म्हणजे किती इंच ते विचारा, टेप लावलेला फोटो मागवा. १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते आणि घरगुती मुक्कामांत दरवाजे बरेचदा २४ चेच असतात. ३२ मिळाला तर उत्तम. उंबराही विचारा. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांबीची फळी लागते, तीनची टाकली तर खुर्ची मागे उलटू शकते.