मदत हवी आहे: आईसोबत पाचगणीत एक निवांत दिवस

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, डिसेंबरात आईला घेऊन पाचगणीला चाललोय, वाईवरून पसरणी घाटानं. पळापळ करून सगळे पॉइंट नाही करायचे, तिला फक्त सिल्व्हर ओकच्या झाडांखालून हळूहळू फिरायचंय आणि पारशी पॉइंटवर कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी बघत बसायचंय. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, ऊन दिसलं की सावलीला पळायचं, म्हणून कोवळ्या उन्हात मुद्दाम बसायचं सुख तिला एकदा तरी द्यायचंय ओ. गुडघे दुखतात तिचे. टेबल लँडच्या पठारावर गाडी कुठपर्यंत जाते, पुढं किती चालावं लागतं? घोडागाडी नको, घाबरते ती. आणि बाजाराजवळ घरगुती जेवण, शक्यतो ज्वारीची भाकरी, कुठं मिळेल? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.