मदत हवी आहे: नोकरी गेल्यावर कृतज्ञतेची वही लिहितोय, पण मन लागत नाही

नमस्कार मंडळी,

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ११ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आमच्या विभागातल्या सहा जणांना घरी बसवलं, त्यात मीही. साडेतीन महिने झाले. वय ४३. फुल अँड फायनलचा हिशेब आणि ग्रॅच्युइटी मिळाली, बायको बालवाडीत शिकवते, त्यामुळे घर चाललंय. मुलगी नववीत आहे. पैशांची काळजी आहेच, पण आज दुसरंच विचारायचं आहे.

पहिल्या महिन्यात मी रोज चार-पाच ठिकाणी अर्ज टाकत होतो. आता सकाळी मोबाइल हातात घेतला तरी रेझ्युमे उघडवत नाही. मेव्हण्याने सुचवलं, रोज झोपताना कृतज्ञता वाटेल अशा पाच गोष्टी वहीत लिहा. त्याला स्वतःला वाईट काळात त्याचा उपयोग झाला होता, म्हणून मीही मनापासून सुरुवात केली. आठवडाभर बरं वाटलं. मग रोज तेच येऊ लागलं: तब्येत चांगली आहे, डोक्यावर छप्पर आहे, घरची माणसं सोबत आहेत. सगळं खरं, पण पाढे म्हटल्यासारखं. एका रात्री लिहिलं, ‘कंपनीने ११ वर्षं पगार वेळेवर दिला.’ तेही खरंच. पण लिहून होताच इतका राग दाटून आला की कागद फाटेपर्यंत ती ओळ खोडली. बायको जागी होती, काही बोलली नाही.

मला वाटतं, याचं मूळ माझ्या कामात असावं. हजार नग मापात असले तर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. एखादा टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या बाहेर गेला की तो मी पकडायचा. ११ वर्षं डोळ्याला हेच वळण लागलंय. आता वही घेऊन बसलो की नजर दिवसभरातलं रिजेक्शनच शोधते.

वर्षातला एक दिवस मात्र वेगळा असायचा, खंडेनवमीचा. कारखान्याचा शॉप धुऊन काढायचा, सीएनसी मशीनला झेंडूचे हार घालायचे, टेबलावर स्वच्छ कापड अंथरून त्यावर मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज ही मापं घ्यायची हत्यारं मांडायची आणि हळदकुंकू वाहायचं. ज्या हत्यारांवर आपलं पोट चालतं त्यांच्यापुढे हात आपोआप जोडले जायचे. काय वाटायला हवं हे कोणी सांगावं लागत नव्हतं. ते वाटणं आता कुठून आणू?

नोकरी गेल्यावर कोणी अशी वही लिहिली आहे का? काय लिहीत होतात? रागाचं काय केलंत? आणि त्याने सकाळी कामाला लागायचं बळ खरंच येतं का? ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढंच कृपया लिहू नका, ते ऐकून झालंय.

प्रतिसाद १

दादा, तुमचं वाचून वडील आठवले. ते लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. वडीलही नाही. आईने खानावळ सुरू केली.

त्या काळात वडिलांकडे एक वही होती, उधारीची. पण तिच्यात नुसते आकडे नव्हते. ‘वाण्याने ज्वारी दिली, मागितली नव्हती.’ ‘समोरच्या खोलीतल्या वहिनींनी पोरीची फी भरली.’ कोणी, काय, कधी. फेडलं की पुढे तारीख. पैसे फिटले तरी काही नावं त्यांनी खोडली नाहीत. महत्त्वाचं म्हणजे ती वही त्यांना घराबाहेर काढायची. ज्याचं नाव लिहिलंय त्याला भेटायला जायचे, आणि बोलण्यातून कुठे ना कुठे हाताला काम मिळायचं.

म्हणून सांगते, ‘छप्पर आहे’ असं लिहू नका. माणूस लिहा आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहा. दिवसाला एकच पुरे. कंपनीचे आभार आत्ता मानायलाच हवेत असं मुळीच नाही.

प्रतिसाद २

मी समुपदेशनाचं काम करते. ताईंशी सहमत, फक्त रागाबद्दल थोडं. तुम्ही ती ओळ खोडलीत कारण तिच्याखाली दुसरं बरंच काही लिहायचं राहिलंय. अमेरिकेत नोकरीवरून काढलेल्या इंजिनिअरांवर मानसशास्त्रज्ञ पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना पाच दिवस रोज २० मिनिटं नोकरी जाण्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. त्यांची शोधाशोध वाढली म्हणून नव्हे, जुन्या नोकरीकडे आणि नव्या कामाकडे बघण्याची त्यांची नजर बदलली असावी, असा निष्कर्ष होता.

तेव्हा आधी पाच दिवस फक्त राग लिहा, वेगळ्या वहीत. कोणाला दाखवू नका. कृतज्ञतेची वही तोवर बाजूला राहू द्या, आणि नंतरही ती रोज लिहायलाच हवी असं नाही. आठवड्यातून एकदा लिहिलं तर पाठ म्हटल्यासारखं होत नाही. झोप उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.

धागाकर्ता

ताई, तुमच्या वडिलांबद्दल बायकोला वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

झोप लागते, तेवढं ठीक आहे. रागाची वही कालपासून सुरू केली. २० मिनिटं कमी पडली, चार पानं झाली.

आज दुसऱ्या वहीत एकच नोंद केली. माझे पहिले सीनिअर. मायक्रोमीटर मी आवळून धरायचो आणि माप चुकायचं. त्याच्या टोकाला रॅचेट असते, दाब पुरेसा झाला की ती टिकटिकते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, ‘जोर लावू नकोस, रॅचेटची टिकटिक ऐक.’ पूर्ण पाळीभर त्यांनी तेच करून घेतलं, एकदाही आवाज चढवला नाही. ११ वर्षांत त्यांना हे कधी बोललो नाही. निवृत्त होऊन आता साताऱ्याला असतात. नंबर आहे माझ्याकडे.

उद्या सकाळी दहाला फोन करणार आहे. एकच विचारायचं होतं: पहिल्याच फोनमध्ये नोकरी गेल्याचं सांगू का? आभार मानायला फोन केला आणि मागोमाग कामाचं विचारलं, असं त्यांना वाटू नये. आज रात्रीत कोणी सांगितलंत तर बरं होईल.