मदत हवी आहे: जमिनीखालच्या फायर लाइनसाठी पाइप कुठला घ्यावा?

आमची पुण्यात पाच विंगची, अकरा मजली सोसायटी आहे. पंप रूममधून निघून सगळ्या विंगना वळसा घालणारी १५० मिमीची एमएस (साध्या पोलादाची) लाइन जमिनीखालून गेली आहे. हायड्रंट आणि पार्किंगमधले स्प्रिंकलर दोन्ही तिच्यावरच. ती जागोजागी गळायला लागली आहे. एकीकडे खणून क्लॅम्प मारला की दुसरीकडे ओल. लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा जॉकी पंप रात्रंदिवस चालू-बंद होतो. जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा लायसन्सवाल्या एजन्सीचा सहामाही दाखला) तोंडावर आला आहे आणि एजन्सी म्हणते, असल्या लाइनवर सही करणार नाही. त्यांचंही बरोबरच आहे.

लाइन बदलायला तीन कोटेशन आली आहेत: पुन्हा एमएस सी क्लास (जाड भिंतीचा), कोटिंग-रॅपिंगसह; डीआय के-९ (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंड); आणि सगळ्यात स्वस्त, १६० मिमी एचडीपीई (प्लास्टिक) पीएन-१०, म्हणजे सुमारे १० किलो प्रति चौरस सेंमी प्रेशरसाठीचा. एका सभासदांनी तर सीपीव्हीसी (दुसरं एक कडक प्लास्टिक) सुचवलंय, त्यांच्या ऑफिसात स्प्रिंकलरला तोच आहे म्हणून. कमिटीचा कल एचडीपीईकडे आहे, "गंजायचा प्रश्नच नाही" या एका वाक्यावर. माती काळी आहे, खाली मुरूम. गेटजवळ कचऱ्याची गाडी लाइनवरूनच जाते.

१६० म्हणजे १५० पेक्षा मोठाच ना? आणि आगीच्या कामाला प्लास्टिक चालतं का?

प्रतिसाद – पाइपमिस्त्री

जमिनीखाली एचडीपीई चालतो, जमिनीवर अजिबात नाही. विंगजवळ वर येण्याआधी जमिनीतच फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) लावून स्टीलवर या. तो फ्लँज चेंबरमध्ये ठेवा, नाहीतर पाइप शाबूत राहील आणि नट-बोल्ट गंजतील. सीपीव्हीसी इमारतीच्या आत ठीक. तुमच्या लाइनसाठी विसरा.

१६० मोठा नाही. एचडीपीईचं माप बाहेरून मोजतात, एमएसचं १५० साधारण आतलं. शिवाय पीएन-१० घेऊ नका. मेन पंप ७ किलोचा असला तरी पाणी वाहत नसताना प्रेशर त्याच्या वर चढतं, टेस्टिंग दीडपटीने म्हणजे साडेदहाला होईल, वर पंप सुरू होतानाचा दणका वेगळा. पीएन-१६ लागेल. त्याची भिंत १४.६ मिमी, म्हणजे १६० च्या पाइपात आतला व्यास उरतो जेमतेम १३१. एमएसचा १५४ च्या आसपास असतो. एचडीपीई आतून गुळगुळीत असतो हे धरूनही, तेवढ्याच पाण्याला प्रेशरची घट दीडपट होते. १८० मिमी घेतला तर आतून १४७ मिळतो आणि घट एमएसपेक्षा कमीच राहते. स्वस्त कोटेशन १८० पीएन-१६ वर परत मागवा, मग किती स्वस्त राहतं ते बघा.

प्रतिसाद – मुरूमवाला

डीआयबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पाइप उत्तम, आतून सिमेंटचं अस्तर असतं, गाडीच्या वजनाला दाद देत नाही. पण रबर रिंगचा सांधा ओढला की निसटतो. साडेदहा किलोला १५० च्या काटकोनी बेंडवर सुमारे साडेतीन टनांचा रेटा येतो. प्रत्येक बेंड आणि टी-जोडामागे हा रेटा पेलणारा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे थ्रस्ट ब्लॉक, हवा, तोही न उकरलेल्या मातीला टेकवून. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का? पाच विंगना वळसा म्हणजे बेंड बरेच असणार. शिवाय काळ्या मातीत बाहेरून पॉलिथिन स्लीव्ह घाला.

धागाकर्ता

थ्रस्ट ब्लॉकचा उल्लेखच नाही! दोघांचेही आभार. मग एमएस बादच का? जुन्या पाइपलाही रॅपिंग होतं म्हणे.

प्रतिसाद – पाइपमिस्त्री

बाद नाही. जुन्या लाइनचा गळका तुकडा कापून बघा. बहुतेक वेळा पाइपचं अंग ठीक असतं आणि साइटवर वेल्डिंग केलेला सांधा खाल्लेला असतो, कारण तिथली टेप घाईत, ओल्या-मळक्या पाइपवर गुंडाळलेली असते. पुन्हा एमएसच घालणार असाल तर ४ मिमी कोलटार टेप आणि चर बुजवण्याआधी हॉलिडे टेस्ट (टेपमध्ये कुठे बारीक भोक राहिलंय का, ते विजेने तपासणं), तुमच्या डोळ्यांदेखत. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या.

मी असतो तर १८० एचडीपीई घेतला असता. फ्यूजन वेल्डिंगमुळे (टोकं वितळवून जोडल्यामुळे) सांधा पाइपाइतकाच पक्का होतो, थ्रस्ट ब्लॉकची दगदग बरीच कमी होते, काळी माती फुगली-आकसली तरी तो सोसतो. खाली-वर वाळू, गेटजवळ गाडीचं वजन झेलायला बाहेरून मोठा स्लीव्ह पाइप. प्रत्येक विंगला वेगळा व्हॉल्व्ह घाला, म्हणजे पुढे गळती शोधायला अख्खी लाइन बंद करावी लागणार नाही. ऑर्डर देण्याआधी मात्र मंजूर फायर ड्रॉइंगमध्ये पाइप कुठला लिहिलाय ते लायसन्सवाल्या एजन्सीकडून बघून घ्या. बदल असेल तर अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या, तोंडी नको.